“स्टँडअलोन सुचवा, मालिका नको”: रोमान्स आणि रोमँटसी कादंबऱ्यांची शिफारस कशी करावी

एकाच पुस्तकात संपणारी, म्हणजे ‘स्टँडअलोन’ प्रेमकथा कुणी मागितली की उत्तरं धडाधड येतात, मग तो साधा रोमान्स असो की रोमँटसी, म्हणजे रोमान्स आणि फँटसी यांचा मेळ. कुणी मालिकेचा पहिला भाग सुचवतं, कुणी ढसाढसा रडवणारी कादंबरी, तर कुणी अशी फँटसी की जिच्यात चारशे पानांत प्रेम जेमतेम दोनदा डोकावतं. सुचवणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण विचारणाऱ्याचे पैसे जातात, वेळ जातो आणि मुख्य म्हणजे वाचायची उमेद जाते. एखाद्या जोडीत जीव गुंतवावा आणि शेवटच्या पानावर कळावं की ही तर अर्धीच गोष्ट होती, हे वाचकाला फार लागतं.

या चुकांचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. आपल्याला आधी आपलं आवडतं नाव आठवतं आणि मग आपण ते समोरच्याच्या मागणीत कसंबसं बसवतो. खालचा क्रम याच्या उलट आहे: आधी मागणी, मग पडताळणी आणि सगळ्यात शेवटी नाव. टप्प्यांची अदलाबदल करू नका. पडताळणी आधी उरकून मागणी नंतर वाचली तर सगळी मेहनत वाया जाते.

## तयारी: पुस्तक संपलं की लगेच नोंद

वाचून काही महिने झाले की आपल्याला एखादं दृश्य आठवतं, दोन-चार संवाद आठवतात आणि आपण किती गुंतलो होतो ते आठवतं. दुसरा भाग होता का, निवेदन कुणाचं होतं, मध्येच एखादा अंगावर येणारा प्रसंग होता का, हे मात्र पार पुसलं जातं. आणि विचारणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. म्हणून पुस्तक खाली ठेवल्यावर लगेच, वहीत किंवा फोनमध्ये, एवढं टिपून ठेवा:

- कादंबरी स्वतंत्र आहे की मालिकेतली? मालिकेतली असेल तर कितवी, आणि शेवटी काय काय लोंबकळत राहिलं?
- शेवट सुखाचा, आशेवर थांबलेला की दुःखाचा?
- प्रेमकथा साधारण कुठून जोर धरते? पहिल्या प्रकरणापासून, निम्म्यानंतर की शेवटी शेवटी?
- शारीरिक जवळीक किती आणि किती उघड?
- गोष्ट कोण सांगतं? एकटी नायिका, दोघं आलटून-पालटून, की बरेच जण?
- कुणाला त्रास होऊ शकेल असं काय काय आहे?

एवढं पुरतं, लांबलचक परीक्षण लिहायची गरज नाही. नमुना म्हणून ही एक नोंद बघा: “द हेटिंग गेम (२०१६). स्वतंत्र. निवेदन फक्त नायिकेचं, प्रथमपुरुषी. एकाच ऑफिसातले दोन प्रतिस्पर्धी. प्रेमकथा पहिल्या पानापासून. जवळीक उघड, पण उशिरा. शेवट सुखाचा.”

तपासा: फक्त ही नोंद वाचून, पुस्तक न उघडता, “यात क्लिफहँगर, म्हणजे अधांतरी सोडणारा शेवट, आहे का?” आणि “यात काय जपून वाचावं लागेल?” या दोन प्रश्नांची उत्तरं देता येतात का? येत नसतील तर नोंद अपुरी आहे.

## टप्पा १: मागणी दोनदा वाचा आणि तिचे तुकडे करा

समजा कुणी असं लिहिलं आहे:

“एकाच पुस्तकात संपणारी फँटसी रोमान्स सुचवा. स्लो बर्न आवडतं. नायिका कुणीतरी वाचवायला येईल म्हणून वाट बघत बसणारी नको. सध्या मन जरा जड आहे, त्यामुळे फार अंधारं काही नको. फोर्थ विंग वाचलंय, ठीक वाटलं.”

घाईने वाचणाऱ्याची नजर सरळ ‘फोर्थ विंग’वर पडते आणि तो ड्रॅगनवाल्या आणखी मालिका पाठवून मोकळा होतो. खरं तर हे या मागणीतलं सगळ्यात कमी महत्त्वाचं वाक्य. ‘ठीक वाटलं’ म्हणजे तसंच आणखी हवंय असं नव्हे, उलटही असू शकतं. शिवाय फोर्थ विंग २०२३ साली सुरू झालेल्या मालिकेतलं पहिलं पुस्तक आहे. कदाचित त्या न संपणाऱ्या गोष्टीला कंटाळूनच ही मागणी आली असेल.

मागणीचे तीन ढीग करा. पहिला अटींचा: यात तडजोड नाही. इथे एकच पुस्तक ही अट आहे, आणि ‘फार अंधारं नको’ हीसुद्धा अटच धरायची, कारण तिच्यामागे वाचकाची मनःस्थिती आहे. दुसरा आवडीनिवडीचा: स्लो बर्न (सावकाश फुलणारं प्रेम), स्वतःच्या पायावर उभी असलेली नायिका. या गोष्टी जितक्या जुळतील तितक्या चांगल्या. तिसरा ढीग अंदाजाचा, म्हणजे जे आपण समजून घेतोय पण त्या व्यक्तीने स्पष्ट म्हटलेलं नाही. या तिसऱ्या ढिगावर शिफारस उभी करायची नाही, त्यातून फक्त प्रश्न काढायचे.

नेहमीची चूक: ‘पण’ने सुरू होणारी शिफारस. “मालिका आहे, पण तुला आवडेलच.” “थोडं दुःखी आहे, पण फार सुंदर आहे.” अट मोडणारं पुस्तक कितीही सुंदर असलं तरी या मागणीचं उत्तर होऊ शकत नाही. ते दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवा.

## टप्पा २: एक किंवा दोन प्रश्न विचारा, जास्त नकोत

प्रश्नावली पाठवली की समोरचा माणूस पुस्तक मागायचंच सोडून देतो. तिसऱ्या ढिगात जे सगळ्यात धूसर असेल तेवढंच विचारा.

माझ्या मते सगळ्यात उपयोगी प्रश्न हा: “अलीकडे कुठलं पुस्तक अर्धवट सोडलंस, आणि कुठल्या जागी?” आवडलेल्या पुस्तकाबद्दल माणसं मोघम बोलतात, मस्त होतं, खूप भावलं वगैरे. सोडलेल्या पुस्तकाबद्दल मात्र अगदी नेमकं सांगतात: दोघं दीडशे पानं एकमेकांशी खोटंच बोलत राहिले, लढाया संपेनात, नायक तिचा फोन तपासतो आणि लेखिकेला ते गोड वाटतं. अशा एका वाक्यातून पाच चुकीच्या शिफारशी टळतात.

“अमुक पुस्तकासारखं काही सुचवा” अशी मागणी असेल तर ‘सारखं’ म्हणजे कशासारखं, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. एकाच पुस्तकात एकाला जादूची दुनिया आवडलेली असते, दुसऱ्याला टोमणेबाज संवाद, तिसऱ्याला फक्त नायकाचा संयम.

ट्रोपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या ठरावीक कथासूत्रांच्या, नावांचंही तसंच. ‘एनिमीज टू लव्हर्स’ (आधी वैर, मग प्रेम) म्हटल्यावर कुणाच्या डोळ्यांसमोर एकाच बढतीवर डोळा ठेवून बसलेले दोन सहकारी येतात, कुणाच्या डोळ्यांसमोर युद्धात विरुद्ध बाजूंना उभे असलेले आणि एकमेकांच्या जिवावर उठलेले दोघं. पहिल्यात गंमत आहे, दुसऱ्यात रक्त आहे. ‘स्लो बर्न’ मागणाऱ्यांमध्येही दोन तऱ्हा आहेत. काहींना भावना उशिरा जाग्या झालेल्या हव्या असतात. काहींना ओढ पहिल्यापासून हवी असते, फक्त कबुली उशिरा.

‘फँटसी रोमान्स’ या शब्दांतून नेमकं काय हवंय तेही इथेच विचारून घ्या: जास्त फँटसी की जास्त रोमान्स? टप्पा ४ मध्ये हे उत्तर लागणार आहे.

इशारा: कुणी एखादा विषय नको म्हटलं तर का नको, हे विचारू नका. आजारपण, मूल गमावणं, मारहाण, फसवणूक, यातलं काही टाळण्यामागे खाजगी कारण असू शकतं. ‘नको’ एवढी माहिती आपल्याला पुरेशी आहे.

## टप्पा ३: पुस्तक खरंच एकटं उभं राहतं का?

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून हा टप्पा सावकाश करा. ‘स्टँडअलोन’ या एकाच शिक्क्याखाली निरनिराळ्या तऱ्हेची पुस्तकं खपवली जातात.

पूर्ण स्वतंत्र. एक गोष्ट, एक पुस्तक, पुढेमागे काही नाही. नेओमी नोविक यांची अपरूटेड (२०१५) आणि स्पिनिंग सिल्व्हर (२०१८) ही अशी दोन पुस्तकं. लेखिका एक, दोन्हींवर लोककथांची सावली, त्यामुळे दुसरं पहिल्याचा पुढचा भाग आहे असं अनेकांना वाटतं. तसं नाही. पात्रं वेगळी, गोष्ट वेगळी, कुठलंही आधी वाचा.

जोडलेली, पण जोडी दर पुस्तकात नवी. एकच कुटुंब किंवा मित्रमंडळ आणि प्रत्येक पुस्तकात त्यातल्या एकाची प्रेमकथा. ब्रिजर्टन मालिका अशीच आहे: आठ भावंडं, आठ पुस्तकं, सुरुवात द ड्यूक अँड आय (२०००) पासून. गेट अ लाइफ, क्लोई ब्राउन (२०१९) हे तीन बहिणींच्या तीन पुस्तकांतलं पहिलं. प्रत्येक प्रेमकथा आपापल्या पुस्तकात पूर्ण होते, म्हणून अशी पुस्तकं सुचवायला हरकत नाही. पण ‘जोडलेली आहेत’ हे सांगायलाच हवं. मधलं पुस्तक आधी वाचलं तर आधीच्या जोड्या कुणाच्या जमल्या हे आपोआप कळतं, आणि काही वाचकांचा त्याने विरस होतो.

मालिकेतलं पहिलं, पण पोटात पूर्ण. हाऊल्स मूव्हिंग कॅसल (१९८६) नंतर त्याच दुनियेत कॅसल इन द एअर (१९९०) आणि हाउस ऑफ मेनी वेज (२००८) आली. तरी नायिका सोफी आणि जादूगार हाऊल यांची गोष्ट पहिल्याच पुस्तकात नीट संपते. यादीत ‘भाग १’ दिसला म्हणून असं पुस्तक लगेच बाद करू नका.

आधी एकटं, नंतर लेकुरवाळं झालेलं. ‘मी बिफोर यू’ हे पुस्तक २०१२ साली आलं तेव्हा पुढचं पुस्तक नव्हतं. मग आफ्टर यू (२०१५) आणि स्टिल मी (२०१८) आली. आपण पुस्तक पहिल्या वर्षी वाचलेलं असेल तर आपली माहिती शिळी असते. गाजलेल्या पुस्तकांच्या बाबतीत हा धोका जास्त.

दोन भागांत कापलेली एकच गोष्ट. हे सगळ्यात फसवं. डिव्हाइन रायव्हल्स (२०२३) वाचताना प्रेमकथा इतकी भरीव वाटते की सुचवणारे सहज स्टँडअलोन म्हणून सांगून टाकतात. प्रत्यक्षात ती ड्युऑलॉजी, म्हणजे दोन पुस्तकांची जोडगोळी, आहे. गोष्ट रूथलेस व्हाउजमध्ये पुढे जाते आणि पहिल्याचा शेवट वाचकाला अधांतरी सोडतो. मालिका नको म्हणणाऱ्याला हे पुस्तक देणं म्हणजे त्याची अट सरळ मोडणं.

पडताळणी या क्रमाने करा. आधी लेखकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरची पुस्तकांची यादी बघा, भाग आणि क्रम तिथे सहसा सर्वांत स्पष्ट असतात. मग गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळावर नावापुढे कंसात मालिकेचं नाव आणि क्रमांक आहे का ते बघा. क्रमांक दिसला तर पहिला भाग पूर्ण वाटतो की नाही हे कळण्यासाठी दोन आणि तीन तारे दिलेली मतं चाळा. पाच तारेवाले प्रेमात असतात, ते अधांतरी शेवटही माफ करतात. मधल्या ताऱ्यांचे वाचक ‘क्लिफहँगर’ हा शब्द हमखास लिहितात. शेवटी, पुस्तक अगदी नवं असेल तर पुढच्या भागाची घोषणा झाली आहे का ते पाहा.

मलपृष्ठावर विसंबू नका. पुढचा भाग येणार आहे हे मलपृष्ठ क्वचितच सांगतं.

तपासा: “हे पुस्तक मिटल्यावर मुख्य जोडीचं काय झालं हे वाचकाला कळतं का, आणि मुख्य संकट मिटतं का?” दोन्हींचं उत्तर हो असेल तरच पुढे जा. एकाचं जरी नाही असेल तर या मागणीसाठी ते पुस्तक बाद.

## टप्पा ४: प्रेमकथा किती, आणि शेवट कसा?

प्रमाण ठरवायला एक सोपी कसोटी आहे. मनातल्या मनात प्रेमकथा काढून टाका. गोष्ट कोसळली तर तो रोमान्स. गोष्ट चालू राहिली, फक्त थोडी कोरडी झाली, तर ती प्रेमाची उपकथा असलेली फँटसी. मग उलटं करा, जादू काढून टाका. तरीही गोष्ट तशीच राहत असेल तर फँटसी फक्त नेपथ्याला आहे, आणि दुनियेसाठी, तिच्या नियमांसाठी वाचणाऱ्या माणसाला ती पोकळ वाटेल.

अपरूटेड या कसोटीवर लावून बघा. प्रेम काढलं तरी नायिका आणि गोष्टीतलं दुष्ट, जादुई रान यांची झुंज उभी राहते. म्हणजे पुस्तक उत्तम, पण ‘रोमान्स हवा’ म्हणणाऱ्याला ते सुचवताना प्रेमाचा वाटा लहान आहे, हे आधीच सांगायला हवं. रोमँटसी म्हणून सुचवल्या जाणाऱ्या बऱ्याच पुस्तकांचं असंच असतं, आणि निराशेची सुरुवात तिथूनच होते.

आता शेवट. रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका या लेखक-संघटनेने रोमान्ससाठी दोनच गोष्टी आवश्यक मानल्या: केंद्रस्थानी प्रेमकथा, आणि भावनिकदृष्ट्या समाधान देणारा, आशावादी शेवट. रोमान्सचा नेहमीचा वाचक हे गृहीत धरूनच पुस्तक उघडतो. वाचक याला ‘हॅपिली एव्हर आफ्टर’ म्हणतात. लग्न, आयुष्यभराची साथ असं सगळं ठरलं नसलं तरी निदान ‘हॅपी फॉर नाऊ’ असावं, म्हणजे आत्तापुरतं तरी दोघं एकत्र आणि सुखात. द टाइम ट्रॅव्हलर्स वाइफ (२००३) प्रेमाने ओतप्रोत भरलेली आहे, तरी ज्याला हा शेवट हवा आहे त्याला ती रोमान्स म्हणून देऊ नये.

शेवट न फोडता इशारा देता येतो. “शेवट रोमान्सच्या वाचकाला अपेक्षित असतो तसा नाही. नेमकं हवं असेल तर वेगळं सांगते.” एवढं बास. याउलट “शेवट वाचून थक्क होशील” या वाक्याने काहीच कळत नाही आणि धास्ती मात्र वाढते.

नेहमीची चूक: शेवट आठवत नसताना “बहुतेक गोडच आहे” असं लिहिणं. आठवत नसेल तर शेवटची दोन प्रकरणं पुन्हा वाचा. अर्ध्या तासाचं काम आहे.

## टप्पा ५: जवळीक आणि जपून वाचायच्या गोष्टी

‘स्पाइस’, म्हणजे शारीरिक जवळीक किती, हे मोजायला लोक मिरच्यांची चित्रं टाकतात. एकाच्या दोन मिरच्या दुसऱ्याच्या चार असतात, त्यामुळे ती मोजदाद कामाची नाही. त्याऐवजी साध्या शब्दांत सांगा. दार बंद होतं आणि प्रकरण संपतं, की प्रसंग पानावर उघड येतो? असा एखाद-दुसरा प्रसंग आहे, की वारंवार? सुरुवातीलाच, की शेवटी? तीन वाक्यांत वाचकाला नेमकं चित्र मिळतं. सोबत पुस्तक कुमारांसाठी आहे की प्रौढांसाठी हेही बघा. फँटसीत मुखपृष्ठं हुबेहूब सारखी दिसतात, त्यावरून ओळखता येत नाही.

मुखपृष्ठाची दुसरी फसवणूक पुस्तकाच्या मूडबद्दल असते. बीच रीड (२०२०) हे नाव ऐकून आणि ते रंगीत मुखपृष्ठ बघून सुट्टीत वाचायला हलकंफुलकं काहीतरी मिळेल असं वाटतं. आत नायिका वडिलांच्या मृत्यूचं दुःख पचवते आहे, आणि त्या वडिलांनी तिच्या आईला फसवलं होतं हेही तिला कळलेलं आहे. पुस्तक गमतीदार आहेच, शेवटही सुखाचा आहे. पण नुकतंच घरातलं माणूस गमावलेल्या वाचकाला ‘हलकं वाच काहीतरी’ म्हणून हे हातात देणं क्रूर ठरेल.

त्रासदायक गोष्टींसाठी स्टोरीग्राफ या वाचननोंदींच्या संकेतस्थळावर वाचकांनी नोंदवलेल्या सूचना उपयोगी पडतात, कारण तिथे तो विषय किती तीव्रतेने येतो हेही लिहिलेलं असतं. जुन्या रोमान्समध्ये संमतीचा मुद्दा आवर्जून तपासा. द ड्यूक अँड आयमधल्या एका प्रसंगावर याच कारणाने वाचकांमध्ये खूप वाद झाला आहे. अशा पुस्तकाची शिफारस करू नये असं मी म्हणणार नाही, पण त्या प्रसंगाचा उल्लेख न करता ती करू नये.

इशारा: “मला काही त्रास झाला नाही” हा निकष नाही. काय आहे ते सांगा, झेपेल की नाही ते वाचक ठरवेल.

## टप्पा ६: नावं गाळा, दोन किंवा तीनच ठेवा

आता नाव. टप्पा १ मधली मागणी घेऊ. डोक्यात चार पुस्तकं आली: अपरूटेड, स्पिनिंग सिल्व्हर, हाऊल्स मूव्हिंग कॅसल आणि द नाइट सर्कस (२०११). चारही एका पुस्तकात संपतात.

स्पिनिंग सिल्व्हर सगळ्यात आधी गळतं. घरातली मारहाण, ज्यूंचा द्वेष, गोठवणारा हिवाळा. शिवाय निवेदक अनेक आणि प्रेम फार उशिरा. मन जड असलेल्या माणसासाठी नाही.

अपरूटेड माझं अतिशय लाडकं. नायिका या मागणीला शोभेल अशीच आहे. तरी ते रान भयंकर आहे, माणसं मोठ्या संख्येने मरतात, सुरुवातीलाच नायिकेवर बळजबरीचा प्रयत्न होतो, आणि नायक बराच काळ तिचा अपमान करत राहतो. ‘फार अंधारं नको’ ही अट मोडते, म्हणून यादीतून बाहेर. पुढे कधी मन हलकं झाल्यावर पुन्हा मागणी आली तर तेव्हा बघू.

द नाइट सर्कस राहतं. प्रेम अगदी सावकाश फुलतं आणि वातावरण स्वप्नासारखं आहे. मात्र काळ मागेपुढे उड्या मारतो, आणि नायिकेच्या बालपणात वडिलांनी केलेला छळ येतो. म्हणून दुसऱ्या क्रमांकावर, इशाऱ्यासह. पहिल्या क्रमांकावर हाऊल्स मूव्हिंग कॅसल: हलकं, मजेशीर, आणि नायिका कुणाची वाट बघत बसत नाही.

बघा, सगळ्यात लाडकं पुस्तक गळालं आणि शिफारस मात्र नेमकी झाली. हे गाळणं जमत नाही म्हणून याद्या दहा-बारा नावांच्या होतात. दहा नावं दिली की निवडायचं काम पुन्हा विचारणाऱ्याच्याच गळ्यात पडतं, आणि ते टाळायला तर त्याने विचारलं होतं.

स्वतः न वाचलेलं पुस्तक सुचवायचं असेल तर तसं स्पष्ट लिहा. “वाचलेलं नाही, पण या मागणीसाठी अनेकांनी सांगितलेलं बघितलंय” हे चालतं. वाचल्याचा आव आणलेला चालत नाही.

## टप्पा ७: शिफारस लिहा

दोन नमुने शेजारी ठेवून वाचा.

पहिला: “हाऊल्स मूव्हिंग कॅसल वाचच! जीव आहे माझा त्या पुस्तकात. हाऊल म्हणजे कमाल. शेवटी तर काय होतं ना, सांगत नाही!”

दुसरा: “हाऊल्स मूव्हिंग कॅसल, लेखिका डायना विन जोन्स. याच दुनियेत आणखी दोन पुस्तकं आहेत, पण ही गोष्ट आणि ही जोडी याच पुस्तकात पूर्ण होते. सोफीला एक चेटकीण शापाने म्हातारी करून टाकते. ती रडत न बसता घर सोडते, एका बदनाम जादूगाराच्या चालत्या किल्ल्यात घुसते आणि तिथली साफसफाई अंगावर घेते. सूर हलका, विनोदी, शेवट सुखाचा. प्रेम भांडणांच्या आडून वाढतं आणि जवळजवळ शेवटपर्यंत कुणी कबूल करत नाही. शारीरिक जवळीक नाही. मूळ कुमारवाचकांसाठी लिहिलेलं आहे, त्यामुळे धगधगता रोमान्स हवा असेल तर हे ते नव्हे.”

पहिल्या नमुन्यातलं प्रेम खरं आहे, पण वाचकाला त्यातून काही ठरवता येत नाही. दुसरा याच क्रमाने लिहिला आहे: नाव आणि लेखक, मग भागांचा खुलासा, मग मागणीशी जुळणारी गोष्ट, मग सूर आणि शेवट, प्रेमाची जात, जवळीक, आणि शेवटी हे कुणासाठी नाही. हे शेवटचं वाक्य कधीही गाळू नका. माझ्या मते शिफारशीतलं सगळ्यात मोलाचं वाक्य तेच, कारण त्यावरूनच वाचक बाकीच्या वाक्यांवर विश्वास ठेवायचा की नाही ते ठरवतो.

लेखकाचं नाव टाळू नका, सारख्या नावांची पुस्तकं भरपूर असतात. काही वेळा एकच पुस्तक दोन नावांनी विकलं जातं. एमिली हेन्री यांचं पीपल वुई मीट ऑन व्हेकेशन (२०२१) ब्रिटनमध्ये यू अँड मी ऑन व्हेकेशन या नावाने निघालं. कुणी तेच पुस्तक नवं समजून दुसऱ्यांदा विकत घेऊ नये.

कथानक पहिल्या पाव भागापलीकडे सांगू नका. ट्रोपच्या नावानेही गोष्ट फुटते, याकडे लोकांचं लक्ष जात नाही. नायकाची खरी ओळख निम्म्यानंतर कळत असेल तर ‘छुपी ओळख’ हे दोन शब्दसुद्धा स्पॉइलरच, म्हणजे रहस्य फोडणंच.

तपासा: पाठवण्याआधी मूळ मागणी पुन्हा वाचा. तिच्यातल्या प्रत्येक अटीचं उत्तर तुमच्या मजकुरात आहे का? “शंभर पानं सहन कर, मग पकड घेतं” असं लिहिलं असेल तर थांबा. ज्याचं मन वाचनात लागत नाही त्याला शंभर पानं सहन होत नाहीत.

## टप्पा ८: वाचून झाल्यावर

काही दिवसांनी एकदाच विचारा, पाठपुरावा करू नका. आवडलं असेल तर छानच. सोडून दिलं असेल तर पुस्तकाची वकिली करू नका, फक्त कुठल्या जागी सोडलं ते विचारा आणि आपल्या नोंदीत त्या पुस्तकापुढे ‘कुणाला सुचवू नये’ म्हणून लिहून ठेवा. आणि भाग, शेवट किंवा एखादा इशारा सांगण्यात आपलीच चूक झालेली कळली तर मूळ शिफारशीतच दुरुस्ती करा, कारण तीच शिफारस वाचून आणखी कुणीतरी ते पुस्तक उचलणार असतं.